सुईचं टोक

सुई मोडली यात नवल काहीच नव्हतं. सुया मोडतातच. नवल हे की ती मशीनच्या खणात, बॉबिनांच्या गर्दीत एकटीच पडलेली होती आणि तिला टोक नव्हतं. बरोबर नेढ्यात तुटली होती. नेढ्याची अर्धी कड शिल्लक होती आणि त्या कडेला पिवळ्या दोऱ्याचं एक तूस चिकटून राहिलं होतं. खण आवरायला बसलेली ती उठली, सुई खिडकीपाशी उजेडात नेली, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा डोळ्यांवर ओढला. पिवळा दोरा या घरात एकाच कामाला लागला होता. नातवाच्या गोधडीच्या काठाला. रीळ त्यासाठीच आणलं होतं आणि उरलेलं त्याच गोधडीबरोबर सुनेला देऊन टाकलं होतं, कुठं उसवलं तर असू दे म्हणून. तेव्हा ही सुई त्या गोधडीवरच मोडली होती, तिचं टोक गोधडीच्या आसपास कुठंतरी गेलं होतं, आणि गोधडी आता मुलाच्या घरी, बाळाच्या अंगाखाली होती.

आवरायला काढलं होतं ते हौसेनं. घराच्या मागच्या बाजूची ही खोली एके काळी मुलाची. त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर आता कापड बेतलं जायचं, पुस्तकांच्या फळ्यांवर अस्तराचे तागे, आणि पलंगावर, जिथं आता मांजरालाही अंग टाकता आलं नसतं, गाठोडी. कुणाच्या जुन्या चादरी, कुणाचे पडदे, शिंप्याकडून आणलेल्या कतरणींच्या पिशव्या, कापसाच्या सुरळ्या, अर्धवट जोडलेले चौकोन, कधीतरी लागेल म्हणून ठेवलेलं आणि कधीच न लागलेलं सगळं. नवरा दारातून डोकावून म्हणायचा, "एक ना धड, भाराभर चिंध्या." पहिल्यांदा म्हणाला तेव्हा ती हसली होती. मग हसणं सोडलं, मग ऐकणंही. "माझा पसारा मला पाठ आहे," असं ती सांगायची आणि ते खोटं नव्हतं. डोळे मिटून हात घातला तरी हवं ते रीळ हाताला लागायचं. अलीकडे भलतंच लागायचं. हे मात्र तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं की लोक लगेच शहाणे होतात. डोळे तपासून घ्या, मशीन विकून टाका, आता आराम करा. आराम कसा असतो ते ती रोज बघत होती. जन्मभर लिफ्टा दुरुस्त केलेला नवरा निवृत्तीनंतर एकच पेपर सकाळी पुढून आणि संध्याकाळी मागून वाचत होता. तिला तसलं काही नको होतं. बाळ आता बसायला लागलं होतं, म्हणजे पाय लांबले असणार, म्हणजे पहिली गोधडी अपुरी पडत असणार. दुसरी, जरा ऐसपैस शिवायची, तर आधी टेबल मोकळं हवं. म्हणून सकाळी पदर खोचून ती कामाला लागली होती, गुणगुणतसुद्धा होती. आता तिला ते गुणगुणणं आठवलं आणि लाज वाटली.

"तुकडे जुळव, मग सुई घे." हे घारीचं वाक्य. लग्नाच्या आधी आणि नंतरही कितीतरी वर्षं ती लहान मुलांचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात लाइनीवर बसली, तिथल्या सुपरवायझरबाईला सगळ्याजणी घार म्हणत. तिचं खरं नाव पगार वाटणाऱ्या कारकुनाला तरी ठाऊक होतं की नाही कोण जाणे. मशीनची सुई मोडली की हात वर करायचा. घार यायची, मोडलेले सगळे तुकडे मागायची, पुठ्ठ्यावर एकापुढं एक मांडून सुई पुरी होते का ते भिंगातून बघायची, आणि पुरी झाली तर वरून चिकटपट्टी मारून नवी सुई द्यायची. कणभर कमी भरलं तर मशीन बंद. शिवलेला गठ्ठा बाजूला. मग लाइनीतल्या सगळ्या बायका गुडघ्यावर, मशीनच्या पायडलांखाली, तेलकट धुळीत, बोटांनी चाचपत. घार वर उभी राहून एकच सांगायची. "बाळाला बोलता येत नाही. टोचलं तर ते फक्त रडेल, आणि आईला वाटेल भूक लागलीय." हे वाक्य ऐकून नव्या पोरींच्या डोळ्यांत पाणी यायचं. जुन्या बायका जांभया द्यायच्या. कारखाना सुटला तरी तिनं ते व्रत घरी चालू ठेवलं होतं. भिंतीवर एक पुठ्ठा, त्यावर मोडलेल्या सुया, प्रत्येक पुरी. गोधडी न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ती तो पुठ्ठा आवर्जून दाखवायची. बायका वाकून बघायच्या, आपल्या नवऱ्यांना बघायला लावायच्या, आणि तिला आतल्या आत फार बरं वाटायचं. या सुईला त्या पुठ्ठ्यावर जागा नव्हती.

काय झालं होतं ते हळूहळू वर आलं, बादलीत भिजत घातलेलं कापड फुगून वर यावं तसं. मुलगा, सून आणि बाळ आले होते, निघायची वेळ झाली होती. खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मुलगा जिन्यात, सून दारात चपला घालून, बाळ नवऱ्याच्या मांडीवर. गोधडीचा शेवटचा कोपरा राहिला होता, चार हात कसले, चार बोटं. "आई, राहू दे ना, पुढच्या वेळी नेऊ," सून म्हणाली होती. पुढच्या वेळी. हा शब्द तिला चांगला ओळखीचा होता. तिनं दिलेली झबली पुढच्या वेळी, तिनं शिवलेलं दुपटं पुढच्या वेळी. सून दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायची, तिला सगळं उकळलेलं आणि पाकिटबंद आवडायचं. जुन्या कापडाकडं ती अशा नजरेनं बघायची की कापडालाच लाजल्यासारखं व्हावं. वाईट पोर नव्हती. उलट बोलायची नाही, आवाज चढवायची नाही. फक्त पुढच्या वेळी म्हणायची. आणि म्हणून तिनं पाय दाबला होता, चार थर आणि वर काठाची घडी एवढं जाड सगळं सुईखाली रेटलं होतं, आणि 'टक' असा आवाज झाला होता. सुई बदलायला किती वेळ लागतो? मोडकी खणात टाकली, नवी लावली, चार बोटं शिवली, दोरा दातांनी तोडला. टोक मग शोधू. असं ती मनात म्हणालीही होती, हे आता तिला स्वच्छ आठवलं. मग बाळाचा पापा, मग टाटा, मग रिकामं घर, आणि मग ते टोक तिच्या डोक्यातूनच गेलं. मोडलेली सुई विसरणारी बाई ती नव्हती. पण विसरली होती.

आणि त्यानंतर सुनेचा तो फोन. "आई, त्याला तुमच्या गोधडीशिवाय झोपच येत नाही." हे वाक्य तिनं किती जणांना ऐकवलं होतं त्याला गणती नव्हती. खालच्या वाण्याला, वरच्या मजल्यावरच्या बाईला, औषधांच्या दुकानात गोळ्या घ्यायला गेली तेव्हा तिथल्या मुलीला, जिला तिचं आडनावही माहीत नव्हतं. दुपारी आडवी झाली की हे वाक्य ती तोंडात खडीसाखर घोळवावी तसं घोळवायची. पुढच्या वेळी म्हणणारी पोर स्वतःहून फोन करून हे सांगते! जगात एक जीव असा आहे की त्याला तिच्या हातच्या टाक्यांवर झोप लागते, दुसऱ्या कशावर लागत नाही.

टोक इथंच असेल. इथंच उडालं असेल. दहातली आठ टोकं जमिनीवर पडतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? ती नवऱ्याकडं गेली. "तुमचा तो लोहचुंबक द्या."

"कशाला?"

"सुईचं टोक शोधायचंय. एक जुनी मोडलेली सापडली, तिचं."

तो पेपर खाली ठेवून तिच्याकडं बघत राहिला. मग उठला, हत्यारांची पेटी काढली, लोहचुंबक दिला. "अगं, राहू दे," तो म्हणाला. "जुनं असेल तर आता कुठलं मिळायला? साप साप म्हणून भुई धोपटतेस."

"तुम्ही पेपर वाचा."

मग जे सुरू झालं त्याला आवरणं म्हणत नाहीत. गाठोडी पलंगावरून खाली आली, एकेक चादर झटकली गेली, एकेक घडी चुंबकापुढून फिरली. टाचण्या निघाल्या, हूक निघाले, एक कधीची हरवलेली छोटी कात्री निघाली. प्रत्येक वेळी टिक असा बारीक आवाज व्हायचा, आणि चष्म्याजवळ नेऊन बघावं तर टाचणी. धूळ घशात बसली. मशीनच्या पायडलाखाली ती पोटावर पडून सरपटली, फरशीच्या फटीतून बोट फिरवलं. कापसात गेलेली सुई चालते असं कारखान्यातल्या बायका म्हणायच्या. एका जागी राहत नाही. धुतलं, पिळलं, अंगाखाली दाबलं की वाट काढत जाते आणि एक दिवस बाहेर येते. तेव्हा ते नव्या पोरींना घाबरवायला म्हणायच्या. आता ते टोक तिच्या डोळ्यांपुढं चालायला लागलं. शेवटच्या कोपऱ्यातून निघालं, कापसातून सरकत सरकत मधोमध आलं, आणि वर बाळ पालथं झोपलं होतं, गाल टेकून. किंवा ते कोपऱ्यातच राहिलं होतं, कुठंही गेलं नव्हतं. हे तर आणखी वाईट. बाळं कोपरे चोखतात. तिचा स्वतःचा मुलगा चोखायचा, ओला चिंब करून टाकायचा. ती उठून बसली आणि तोंडावर हात दाबून धरला.

नवरा दारात येऊन उभा राहिला होता. "ऐक ना जरा..."

"आत्ता नको."

तो थोडा वेळ तिथंच घुटमळला आणि गेला.

मशीनचा दुसरा खण, खालचा, अडकला होता. वर्षानुवर्षं अडकलेलाच होता, तिनं कधी नेटानं ओढला नव्हता. आता तिनं भिंतीला पाय लावून ओढला, आणि तो कुरकुरत आला तो एकदम सगळाच्या सगळा बाहेर आला, आणि त्यातलं जे होतं ते कतरणींच्या ढिगावर सांडलं. बटणं, खडू, तुटके बेल्ट. आणि मलमाची एक जुनी पत्र्याची डबी, जी आपटून उघडली आणि जिच्यातून काळपट, बारीक, तांदळाच्या कणीएवढं काहीतरी मूठभर उडालं आणि चिंध्यांत दिसेनासं झालं. ती बघत राहिली. त्या डबीत काय होतं हे तिला न बघताही कळलं होतं.

टोकं होती. कारखान्यातल्या प्रत्येक बाईकडं अशी डबी होती, आणि घारीला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. सुई मोडली आणि टोक सापडलं नाही की अर्धा दिवस बुडायचा, लाइन थांबायची, शेजारणी शिव्या द्यायच्या. मग शहाण्या बायकांनी युक्ती काढली होती. घरी, शेजारच्या शिंप्याकडं, कुठंही मोडलेली सुई मिळाली की तिचं टोक जपून ठेवायचं. खरं हरवलं की डबीतलं बेताचं बघून पुढं करायचं. तिला हे शिकवलं बुटकीनं, तिच्या शेजारच्या मशीनवरच्या पोरीनं, जी खुर्चीवर दोन उशा घेऊन बसायची आणि दिवसभर सगळ्यांना हसवायची. "मोडली तिथं चकाकतं," बुटकी सांगायची, "म्हणून टोक तोंडात धर घटकाभर, थुंकीनं काळं पडतं, मग सांध्यातली फट भिंगात दिसत नाही. आणि लांब घे. लांब असलं तर घार म्हणते दबून लांबलं असेल. आखूड असलं तर मेलीस." टोक निवडण्यात ती स्वतः पुढं बुटकीपेक्षा तरबेज झाली. घार भिंग लावून बघायची, मान हलवायची, "जुळलं," म्हणायची, आणि गठ्ठा पुढं जायचा. झोपायचे कपडे, झबली, कुंच्या. पुढं म्हणजे कुठं, हे कुणी विचारायचं नाही. तिनंही कधी विचारलं नव्हतं. आज, चिंध्यांत बसलेली असताना, ती सगळी झबली तिच्यापुढं कुणाच्या तरी अंगात घातलेली आली. त्या बाळांना तोंडं नव्हती. ती फक्त रडत होती, आणि त्यांच्या आया त्यांना दूध पाजत होत्या.

डबी कारखाना सोडतानाच फेकायला हवी होती. पण फेकणं तिच्या हाताला माहीतच नव्हतं. असू दे, लागली कधी तर. आता लागली होती! आता या खोलीत टोकांना तोटा नव्हता. चुंबक फिरवला की टिक, पुन्हा टिक. सकाळपासून जे एक मिळावं म्हणून ती फरशी चाटत होती ते आता दर विताला मिळत होतं, आणि त्यातलं कुठलं या सुईचं आणि कुठलं डबीतलं हे घारीच्या भिंगालाही सांगता आलं नसतं. खरं टोक हाती आलं तरी ते खरं आहे हे तिला कधीच कळणार नव्हतं. हे लक्षात आलं तेव्हा ती हसली. हसू कसलं, घशातून एक हवा निघाली.

तरी तिनं मोडलेली सुई टेबलावर ठेवली आणि टोकं लावून बघायला सुरुवात केली. हातांना हे काम येत होतं. एक आखूड. एक भलतंच जाड. एक मात्र बरं बसलं, अगदी बरं. नेढ्याची उरलेली अर्धी कड त्याला होती, लांबी पुरत होती. पडलं असेल की हेच. का नाही पडणार? इथंच तर ती शिवत बसली होती. पुठ्ठा भिंतीवर होता, चिकटपट्टी हाताशी होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाला काही सांगायला नको, सुनेचा तो शांत आवाज ऐकायला नको. डोळे तपासून घ्या आई, आता पुरे करा आई. मशीन जाईल, खोली जाईल, पेपर पुढून आणि मागून. आणि बाळाला झोप येते आहे की, तिच्याच टाक्यांवर येते आहे. काही झालं असतं तर एव्हाना कळलं नसतं? "जुळलं," ती मोठ्यानं म्हणाली. खोलीत आवाज घुमला आणि तो तिला घारीसारखा वाटला. टोकाची मोडलेली बाजू काळी होती. काळी होती म्हणून तर इतकी छान जुळली होती. किती जुनं असतं टोक इतकं काळं पडायला?

तिनं चिकटपट्टी खाली ठेवली आणि फोन उचलला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे तिला कळत होतं, आणि तरी बोटानं सुनेचा नंबर लावला.

"हॅलो, आई? बोला ना."

"बाळ काय करतंय?"

"आत्ताच झोपलाय. दुपारभर दंगा चालला होता."

"गोधडीवर झोपलाय?"

"हो हो, गोधडीवरच. तिच्याशिवाय कुठला झोपतो?"

"त्याच्या अंगाखालून ती काढ." तिचा आवाज तिला ओळखू आला नाही. "आत्ता काढ. मी फोन धरते. तिच्यात सुईचं टोक राहिलंय. काठाला, शेवटच्या कोपऱ्यात, नाहीतर कुठंही असेल. माझ्याकडून झालं. मला काय म्हणायचं ते मग म्हण, आधी त्याला उचल."

ती कान देऊन थांबली. आता फोन आपटेल, पावलं धावतील, दार वाजेल, बाळ झोपमोड होऊन रडेल. काही वाजलं नाही. सून जिथं होती तिथंच होती, तिचा श्वास ऐकू येत होता.

"अगं, ऐकलंस ना? उचल त्याला!"

"आई," सून म्हणाली. "घाबरू नका. तो त्या गोधडीवर नाहीये."

"आत्ताच म्हणालीस..."

"ते टोक मला मिळालंय. ज्या दिवशी आणली त्याच दिवशी. बाळाच्या सगळ्या गोष्टी मी आधी हातानं दाबून बघते ना, तशी बघत होते. तळव्यात घुसलं. फार नाही लागलं. पण मग मी ती कपाटात वर ठेवली. चांगली ठेवलीय आई, पिशवीत घालून. मी सांगणारच होते. फोनही सांगायलाच केला होता. पण तुम्ही उचलल्या उचलल्या विचारलंत, आवडली का त्याला, झोपतो का तिच्यावर. इतक्या हौसेनं विचारलंत की माझ्या तोंडातून भलतंच गेलं. आणि मग तुम्ही दर वेळी विचारत राहिलात."

सकाळपासून पोटात बसलेली भीती निघून गेली. बाळ सुखरूप होतं, पहिल्या दिवसापासून सुखरूप होतं. तिनं देवाचे आभार मानायला हवे होते, आणि तिनं ते मानलेही, अगदी मनापासून. पण भीती उठून गेल्यावर तिच्या जागेवर जे येऊन बसलं त्यापेक्षा भीती परवडली असती. वाणी, वरच्या मजल्यावरची बाई, औषधांच्या दुकानातली मुलगी एका ओळीत तिच्यापुढं उभी राहिली.

"टोक ठेवलंयस का?" तिनं विचारलं.

"टोक? नाही हो. फेकलं तेव्हाच. का?"

"काही नाही. जुळवून बघितलं असतं."

"आई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. होतं असं. आणि आता डोळ्यांना त्रास..."

"तो कशावर झोपतो मग?"

"दुकानातली आहे एक. साधीच आहे."

"मऊ आहे ना?"

"हो आई."

"मग बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

उजेड कमी झाला होता. खोली सकाळपेक्षा वाईट दिसत होती, सगळं खाली आलेलं, कशालाच जागा नसलेली. दारात नवरा उभा होता. कधीपासून उभा होता कोण जाणे.

"सापडलं का?" त्यानं विचारलं.

"सापडलं."

"बरं झालं," तो म्हणाला.

ती वाट बघत राहिली. हा माणूस घरात डास शिरला तरी कुठून शिरला, खिडकी कुणी उघडी ठेवली, जाळी का नाही लावली हे विचारल्याशिवाय राहायचा नाही. आता तो फरशीकडं बघत होता. कुठं सापडलं हे त्यानं विचारलं नाही. तिनं त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं, आणि सुनेनं हे फक्त तिच्यापासूनच लपवलं होतं हे तिला कळलं. तो कितीदा तरी तोंड उघडून काही म्हणणार होता, आणि तिला दिवसभर जमिनीवर सरपटताना बघत राहिला होता.

"चहा मी टाकतो," तो म्हणाला. "तू बस."

ती बसली.